सेवेचे सतीचे वाण : कै. साधनाताई आमटे

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचे काम पार पडले. गाभारा उजळला, सभामंडपावर नवे छत आले, शिखरावर कळस चढला. या कामासाठी कोणी पैसा दिला, कोणी दगड-वाळू वाहून आणली, कोणी अंगमेहनत केली. त्यांची नावे या स्मरणिकेत छापली गेली आहेत आणि ते योग्यच झाले. परंतु काम चालू असताना ज्यांनी गवंड्यांना वेळेवर भाकरी पोचवली, घागरीने पाणी आणून दिले, संध्याकाळी पडलेला राडारोडा झाडून काढला, त्यांच्या नावांची यादी करायला कोणी बसले नसेल. प्रत्येक मोठ्या कामाला असे बिननावाचे हात लागतात. आज ज्या माउलीचे स्मरण करावयाचे आहे, तिचे अवघे आयुष्य अशा हातांनी घडलेले आहे.

बाबा आमटे हे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. वरोऱ्याचे आनंदवनही पुष्कळांनी पाहिले आहे. परंतु बाबांच्या बरोबर पहिल्या दिवसापासून त्या माळरानावर उभी राहिलेली त्यांची सहधर्मचारिणी साधनाताई, तिची ओळख ‘बाबांच्या पत्नी’ एवढीच करून दिली जाते. ताईंनी कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली, नवऱ्याचा संसार केला आणि दोन मुलगे वाढवले. ही तीन कामे त्यांनी तीन वेगवेगळ्या वेळी केली नाहीत. एकाच अंगणात, एकाच चुलीपाशी, एकाच दिवसात केली. म्हणून त्यांचे चरित्र संसारी माणसांनी समजून घेण्यासारखे आहे.

साधनाताईंचा जन्म ५ मे १९२६ रोजी नागपूर येथे झाला. माहेरचे नाव इंदू. घुलेशास्त्र्यांचे घराणे विद्वत्तेसाठी आणि कर्मठ आचारासाठी ओळखले जाणारे. सोवळेओवळे, पूजाअर्चा, व्रतवैकल्ये यांची शिस्त घरात काटेकोर. त्या काळी अशा घरातल्या मुलींना लहानपणापासून दोन गोष्टी शिकाव्या लागत. एक, देवाची पूजा कशी करावी. आणि दुसरी, कोणाला शिवू नये. पहिली शिकवण ताईंनी जन्मभर सांभाळली. दुसरीचे काय झाले, तेच त्यांच्या आयुष्याचे सार आहे.

मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा, हे हिंगणघाटचे. जन्म २६ डिसेंबर १९१४. घरची जमीनदारी, शिक्षण वकिलीचे. तरुणपणी सुखाला काही कमी नव्हते. पण मन त्यात रमेना. पुढे त्यांनी दाढी वाढवली, साध्या वेशात राहू लागले आणि लग्न करायचे नाही असेही ठरवले. अशा स्थितीत नागपुरात घुल्यांच्या घरच्या एका लग्नकार्यात त्यांनी इंदूला प्रथम पाहिले. लग्नघरात सगळीकडे हसणेखिदळणे चालले होते. मागच्या बाजूला एक म्हातारी मोलकरीण कामाच्या ढिगाऱ्यापुढे थकून बसली होती. घरची ही मुलगी मंडळींतून हळूच निसटली आणि कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने त्या म्हातारीचे काम उरकू लागली. बाबांच्या ते नेमके दृष्टीस पडले आणि त्यांचा ब्रह्मचर्याचा निश्चय तिथेच ढळला, असे हे दोघेही पुढे सांगत असत.

बैराग्यासारखा दिसणारा जावई शास्त्रीबुवांच्या घरात कोणाला आवडणार? विरोध झाला. परंतु मुलगी आपल्या निश्चयावरून हलली नाही. १८ डिसेंबर १९४६ रोजी विवाह झाला आणि इंदू घुले साधना आमटे झाली. त्या वेळी तिचे वय २० वर्षांचे होते.

नव्या नवरीने सासरी येऊन काय पाहिले? वरोऱ्याला बाबा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, सफाई कामगारांच्या बाजूने उभे होते आणि मैला वाहण्याचे काम काय असते हे कळावे म्हणून काही महिने त्यांनी स्वतः मैल्याच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या होत्या. त्यांनी ‘श्रमाश्रम’ नावाचा एक प्रयोग सुरू केला होता. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची माणसे एकत्र राहत, एकत्र राबत आणि एकाच ठिकाणी शिजलेले अन्न खात. ज्या मुलीच्या माहेरी सोवळ्याची वलणी वेगळी आणि पाण्याची घागर वेगळी, तिचा संसार येथे सुरू झाला. बाबांना हा मार्ग विचाराने सापडला होता. ताईंना तो रोजच्या रांधण्या-वाढण्यातून गाठावा लागला. विचार एका रात्रीत बदलू शकतो. हाताची सवय बदलायला वेळ लागतो. ताईंनी ती बदलली.

पुढे ती प्रसिद्ध घटना घडली. पावसात, गटाराच्या कडेला एक माणूस पडलेला होता. हातापायांची बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. त्याचे नाव तुळशीराम. बाबा त्याला पाहून घाबरले आणि घराकडे पळाले. ज्याने कधी कोणाचे भय धरले नाही, तो माणूस एका आजारी माणसाला भ्याला, ही गोष्ट त्यांना खाऊ लागली. ते परत गेले, त्याच्यावर पावसाचा आडोसा केला, त्याला अन्न भरवले, त्याची सेवा केली. तुळशीराम वाचला नाही. परंतु बाबांची वाट ठरली. त्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी त्यांनी पत्नीला विचारले आणि तिने होकार दिला.

हा होकार केवढा मोठा होता, हे आज सहज ध्यानात येणार नाही. त्या काळी कुष्ठरोग म्हणजे जिवंतपणीचे मरण. रोग झाला की घरच्यांनी ताट वेगळे करायचे, मग खोली वेगळी, मग गाव वेगळे. मोठमोठ्या तीर्थक्षेत्री देवळाच्या पायऱ्यांवर आणि नदीच्या घाटावर या रोग्यांच्या रांगा बसलेल्या असत. भाविक लोक लांबून पैसा टाकत आणि अंग चोरून पुढे जात. देव आत, आणि देवाची ही लेकरे बाहेर. पूर्वजन्मीचे पाप म्हणून हा रोग होतो, अशी समजूत घट्ट होती. आणि पापी ठरवलेल्या माणसाची कीव करण्याचीही गरज कोणाला वाटत नसे.

विदर्भात काही थोर माणसांनी ही समजूत मोडण्याचे काम अगोदरच आरंभले होते. सेवाग्रामला महात्मा गांधी परचुरेशास्त्री या कुष्ठपीडित पंडितांची स्वतःच्या हाताने मालिश करीत. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले होते. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन पुढे नावारूपाला आले. बाबांनी दत्तपूरला या कामाचा अनुभव घेतला, नंतर कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन शिक्षण घेतले. तेथे संशोधनासाठी कोणा निरोगी माणसाच्या शरीरात जंतू टोचून पाहण्याची गरज निघाली, तेव्हा बाबांनी आपला दंड पुढे केला. सुदैवाने त्यांना रोग झाला नाही. बाबांच्या या धाडसाचे कौतुक सर्वांनी केले. वरोऱ्याला दोन तान्ह्या मुलांना घेऊन मागे राहिलेल्या बाईने ते दिवस कसे काढले असतील, याचा विचार ज्याने त्याने आपापल्या घराकडे पाहून करावा.

बाबांनी १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली. वरोऱ्याजवळ सरकारकडून जमीन मिळाली. जमीन म्हणजे नुसता खडकाळ माळ आणि झुडपी जंगल. साप-विंचू उदंड, बिबट्याची ये-जा, आणि पाण्याचा थेंब नाही. १९५१ च्या जून महिन्यात हे कुटुंब तेथे राहायला गेले. बरोबर काय होते, याचा हिशेब अनेकांनी लिहून ठेवला आहे: सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, आणि गाठीला चौदा रुपये. विनोबाजींच्या हस्ते उद्घाटन झाले. साधनाताईंचे वय तेव्हा पंचवीस. थोरला विकास आणि धाकटा प्रकाश, दोघेही चार वर्षांच्या आतले.

माता-भगिनींनी येथे क्षणभर थांबावे. घरात कोणाला साधा ताप आला तरी आई लेकराला त्याच्या जवळ जाऊ देत नाही. येथे तर ज्या रोगाचे नुसते नाव काढले की लोक अंगण धुऊन घेत, त्या रोग्यांच्या वस्तीत ही आई दोन लेकरे घेऊन राहायला आली. झोपडी त्यांच्याशेजारी, विहीर त्यांच्याबरोबर खणलेली, भाजीभाकरी त्यांनी पिकवलेल्या धान्याची. ही मुले ज्यांच्या कडेवर खेळली, त्या हातांना बोटे नव्हती. आईचे काळीज कापले नसेल काय? माणूस होते ते, कापलेच असेल. परंतु ज्यांना सगळ्यांनी दूर लोटले, त्यांच्यापासून आपलीही मुले दूर ठेवायची, तर मग सेवा कसली? ताईंनी आपली मुले जवळ ठेवली आणि त्या माणसांनाही जवळ ठेवले. ही मुले तेथेच वाढली, धडधाकट राहिली आणि शिकून डॉक्टर झाली. कुष्ठरोग स्पर्शाने झटकन लागतो ही समजूत खोटी आहे, याचा दाखला भाषणातून द्यावा लागला नाही. तो त्या अंगणात रोज खेळत होता.

या रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगणे जरूर आहे, म्हणजे शुश्रूषा कसली करावी लागे ते कळेल. कुष्ठरोग हा जंतूपासून होतो. नॉर्वे देशातील डॉ. हॅन्सन यांनी तो जंतू १८७३ साली शोधून काढला. हा रोग पापाने होत नाही आणि आईबापांच्या रक्तातूनही येत नाही. जंतू कातडीवर आणि नसांवर हल्ला करतो. नस निकामी झाली की त्या जागेची जाणीव जाते. मग चुलीवरचे तापलेले पातेले उचलताना चटका कळत नाही, अनवाणी चालताना पायात रुतलेली काच कळत नाही, रात्री उंदराने बोट कुरतडले तरी झोप मोडत नाही. दुखले की माणूस जपतो. दुखतच नाही म्हणून जखमेकडे लक्ष जात नाही. ती चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि अशा रीतीने एकेक बोट जाते. तेव्हा औषध जितके महत्त्वाचे, तितकेच रोज कोणी तरी तो पाय हातात घेऊन पाहणे महत्त्वाचे. पाय पाण्यात भिजवायचा, मेलेली कातडी काढायची, जखम धुवायची, पट्टी बांधायची. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या कामाला टाळ्या मिळत नाहीत आणि ते कधी संपतही नाही.

साधनाताईंजवळ परिचारिकेचा सरकारी दाखला नव्हता. शुश्रूषेचे शिक्षण त्यांना त्या माळरानाने दिले. स्वयंपाक, गाई, पाणी, मुले, आलागेला, आजारी माणसाची उशापायथ्याची सेवा, हे सगळे एकाच बाईच्या अंगावर. बाबा ठरल्या दिवशी आसपासच्या गावांतील दवाखान्यांत रोगी तपासायला जात, पैसे उभे करण्यासाठी फिरत. मागे वस्ती सांभाळायला ताई. रात्री-अपरात्री कोणी कण्हले तर उठायचे त्यांनीच. आनंदवनात त्यांना सगळे ‘ताई’ म्हणत. घरच्यांनी ज्यांचे नाव टाकले होते, त्यांना हाक मारायला एक ताई मिळाली. औषधाच्या पुडीत हे बांधून देता येत नाही.

माहेरी शिकलेले सोवळे ताईंनी टाकून दिले, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. परंतु जरा खोल पाहिले तर निराळे दिसते. सोवळ्यात काय असते? स्नान, स्वच्छ वस्त्र, धुतलेले भांडे, आणि कामात एकाग्र मन. जखमेची पट्टी बदलणाऱ्यालाही नेमके हेच लागते. हात स्वच्छ, कापड उकळलेले, भांडे निर्मळ, मन ठिकाणावर. ताईंनी सोवळ्यातली निर्मळता ठेवली आणि शिवाशीव तेवढी काढून टाकली. पूजेत शिकलेला नेम जखम धुण्याच्या कामी आला.

त्यांची देवावर श्रद्धा होती. बाबांची वृत्ती निराळी. ते पूजाअर्चेत रमणारे नव्हते. एका घरात अशी दोन माणसे असली म्हणजे एक तर रोज भांडण होते किंवा एकाला दबून राहावे लागते. येथे दोन्ही झाले नाही. ताईंनी आपली श्रद्धा सोडली नाही, बाबांनी ती सोडायला लावली नाही, आणि दोघांचेही पाय मात्र रोज एकाच ठिकाणी, रोग्याच्या खाटेपाशी वळले. श्रद्धावंतांच्या या मेळाव्यात ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

समाजाचा धडा मात्र सोपा नव्हता. रोग्यांनी घाम गाळून माळावर भाजीपाला पिकवला, दूधदुभते झाले. पण वरोऱ्याच्या बाजारात तो माल सुरुवातीला कोणी घेईना. पुढे देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रोग्यांबरोबर विटा वाहिल्या, दवाखान्याची इमारत बांधू लागले आणि तेथलेच अन्न खाल्ले. दूरच्या देशातली माणसे येथली भाजी खातात, हे पाहून मग शेजारच्यांची भीती हळूहळू ओसरली. पुढे १९६० नंतरच्या दशकात त्याच भूमीवर महाविद्यालय उभे राहिले. ज्यांना गावाने शाळेच्या अंगणातही उभे केले नसते, त्या हातांनी त्याच्या भिंती उभारल्या आणि गावोगावची मुले तेथे शिकायला आली. अंधांची शाळा निघाली, कामधंद्याचे विभाग निघाले. १९६७ साली सोमनाथचा शेतीप्रकल्प सुरू झाला. आनंदवनात लग्ने लागली, पाळणे हलले, म्हाताऱ्यांना आसरा मिळाला, पोरक्या मुलांना घर मिळाले. आता एवढ्या मोठ्या गोतावळ्याची आई कोण, हे निराळे सांगायला नको.

मुलांच्या बाबतीत तर ताईंना दुसऱ्यांदा परीक्षा द्यावी लागली. दोन्ही मुलगे नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाले. ज्या आईने इतकी वर्षे खस्ता खाल्ल्या, तिने आता मुलांनी शहरात दवाखाना थाटावा, चार दिवस सुखाचे दाखवावेत, असे मनात आणले असते तर त्यात काही वावगे नव्हते. थोरल्या विकासने आनंदवनाचा भार उचलला. धाकट्या प्रकाशने पुढचे शिक्षण सोडून पत्नी मंदाताई यांच्यासह भामरागडच्या जंगलात, माडिया गोंडांच्या मुलखात जाण्याचे ठरवले. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. पावसाळ्यात तो भाग जगापासून तुटून जाई; महिनोन्महिने पत्र नाही की निरोप नाही. ताईंनी मुलाला अडवले नाही. १९५१ साली आपण जे केले, तेच सुनेला आणि मुलाला करताना पाहणे, हे स्वतः करण्यापेक्षाही अवघड असते. आयाबायांना हे समजावून सांगायला नको.

बाबांना १९८५ साली आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाताई यांना २००८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एकाच घरात बापलेकांना हा मान मिळाला, याचे कौतुक वर्तमानपत्रांनी केले. त्या दोन्ही पिढ्यांच्या मधोमध उभी असलेली व्यक्ती कोणती, हे मात्र थोड्यांच्या ध्यानात आले.

पत्नी म्हणून त्यांची जी सेवा झाली तीही सोपी नव्हती. बाबांच्या पाठीच्या कण्याला दुखणे जडले आणि पुढे पुढे त्यांना बसताच येईना. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे पडायचे. जेवण, लिहिणे, प्रवास, सगळे असेच. अशा शरीराने ते देशभर फिरले. हा माणूस फिरत होता तो कोणाच्या आधारावर? दुखणाइताचे पथ्यपाणी, औषधाची वेळ, कूस बदलणे, आणि त्याची चिडचिड हसतमुखाने सोसणे, हे ज्यांनी घरात केले आहे त्यांना त्याचे मोल कळते. १९९० साली बाबा नर्मदेच्या काठी, मध्य प्रदेशातील कसरावद येथे, धरणग्रस्तांच्या बाजूने जाऊन राहिले. ताईंचे वय तेव्हा चौसष्ट. या वयात बाया नातवंडांत रमतात. ताईंनी चाळीस वर्षे उभारलेले घर मागे ठेवले आणि आजारी पतीबरोबर पुन्हा एकदा नदीकाठच्या नव्या घरात चूल मांडली. तेथेही काही वर्षे काढली.

लग्नातल्या सप्तपदीत बाई सात पावले चालते. पुढे किती चालावे लागेल हे तिला कोणी सांगत नाही. ताई चालत राहिल्या. ‘समिधा’ हे त्यांनी आपल्या आत्मकथनाला दिलेले नाव आहे. होमात टाकायच्या काटक्यांना समिधा म्हणतात, हे येथे बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे. अग्नी सगळ्यांना दिसतो, त्याला नमस्कारही होतो. समिधेला कोणी नमस्कार करीत नाही. पण ती नसेल तर अग्नी पेटत नाही. स्वतःच्या आयुष्याला हे नाव देताना ताईंनी तक्रार केली नाही आणि बढाईही मारली नाही. नेमके जे होते ते सांगितले.

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबांचे निधन झाले. ताई त्यानंतर तीन वर्षे होत्या. ९ जुलै २०११ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, कर्करोगाच्या दुखण्याने त्यांनी आनंदवनातच देह ठेवला. साठ वर्षांपूर्वी ज्या माळावर त्या दोन लेकरे घेऊन उतरल्या होत्या, त्याच मातीत बाबांच्या शेजारी त्यांना विसावा मिळाला. तेव्हा तो माळ राहिला नव्हता. गर्द झाडी झाली होती.

ताईंच्या हयातीतच या रोगावर मोठा विजय मिळाला. १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली. आपल्या देशात १९८३ पासून राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमाने ती हाती घेतली. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग पूर्ण बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. उपचार सुरू होताच थोड्याच काळात त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती उरत नाही. २००५ च्या अखेरीस भारतात रोगाचे प्रमाण दहा हजार लोकांमागे एकाच्या खाली आले. कायदेही बदलले. कुष्ठरोगी भिकाऱ्यांना पकडून कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ सालचा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग झाला म्हणून नवऱ्याला बायको टाकता येई किंवा बायकोला नवरा सोडता येई, असे घटस्फोटाचे कारण विवाहाच्या कायद्यांत होते. तेही २०१९ साली काढून टाकण्यात आले. रोगी माणसाचा संसार मोडू नये, हे कायद्याला उमजायला २०१९ साल उजाडावे लागले. ताईंच्या अंगणात ते १९५१ सालीच उमजले होते.

परंतु लढाई संपली असे समजू नये. आजही जगात दर वर्षी कुष्ठरोगाचे जे नवे रोगी सापडतात, त्यांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात. औषध आहे, दवाखाना आहे, मग अडते कोठे? अडते ते लाजेपाशी. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो, तो दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पदराखाली किंवा सदऱ्याखाली झाकला जातो. मुलीचे लग्न मोडेल, गाव तोंड फिरवील, या भीतीने माणूस दवाखान्यात जात नाही. आणि तो जाईपर्यंत नस मेलेली असते. चट्ट्यावर पिसाने किंवा कापसाने हळूच स्पर्श केल्यावर कळत नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. लवकर औषध घेतले तर एक बोटही वाकडे होत नाही.

ग्रामस्थहो, या देवळाला आता नव्या पायऱ्या झाल्या आहेत. जुन्या काळी अशाच पायऱ्यांवर ज्यांना बसवून ठेवले जाई, त्यांच्यापैकी कोणी उद्या येथे आला, तर गाव काय करणार? लांबून पैसा टाकणार, की उठवून आत घेणार? अशा माणसाला हाताला धरून आत आणण्याची ज्या दिवशी कोणाला लाज वाटणार नाही, त्या दिवशी हा जीर्णोद्धार पुरा झाला असे समजावे. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूसासऱ्यांचे करणारी सून, अधू लेकराला पाठीवर घेऊन शाळेत पोचवणारी आई, दवाखान्यात रात्रपाळी करून सकाळी घरची चूल पेटवणारी परिचारिका, या सगळ्या ताईंच्याच वाटेने चालल्या आहेत. त्यांच्या नावाची पाटी देवळात लावली नाही तरी चालेल. त्यांच्या हातून निम्मे काम काढून घ्यावे, एवढे मात्र घरातल्या पुरुषांनी आजपासून करावे.

सेवा हे सतीचे वाण आहे. एकदा हातात घेतले की खाली ठेवता येत नाही. साधनाताईंनी ते वयाच्या विसाव्या वर्षी उचलले आणि पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंत सांभाळले. या गावच्या लेकीसुनांना आणि मुलांना त्यांतला चतकोर तरी वाटा उचलण्याचे बळ मिळो, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.